उरलेली चौदा मिनिटं

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नातीला घेऊन उज्जैनच्या वेधशाळेत गेलो होतो. ती चौथीत आहे. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात तिची डागडुजी झाली. ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथला कारभार सांभाळला. उज्जैनमधल्या आम्हां मराठी घरांना त्यामुळे ही जागा थोडी आपली वाटते.

सम्राट यंत्र म्हणजे आकाशाकडे चढत गेलेली एक तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना वळणदार पट्ट्या. भिंतीची सावली पट्टीवरच्या ज्या रेघेवर पडते ती त्या क्षणाची वेळ. नात वाकून रेघा मोजत राहिली आणि म्हणाली, "अकरा एकोणपन्नास." माझा मोबाइल सांगत होता साडेबारा. "आबा, हे घड्याळ एक्केचाळीस मिनिटं मागे आहे."

मी नेहमीचं उत्तर दिलं. आपल्या घड्याळातली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. उज्जैन ७५.७७ अंशांवर. फरक ६.७३ अंश. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे तो साधारण २७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. तिनं वजाबाकी केली. "मग चौदा मिनिटं उरली की!"

ती मोबाइलला विचारून मोकळी झाली. मोबाइलनं तीन सेकंदांत चार वाक्यं म्हणून दाखवली. तिनं मान डोलावली, आणि फाटकाबाहेर येईपर्यंत उत्तर विसरलीही. परतताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच होतं: उत्तर मिळालं, पण प्रश्न हातचा गेला. त्या चौदा मिनिटांशी तिला झटापट करता येईल असं एखादं यंत्र तिच्यासाठी घ्यायला हवं. खिशाला परवडणारं, खेळता येणारं आणि ज्याच्यासमोर तिला बसवून मला स्वयंपाकघरात चहा करायला जाता येईल असं.

मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप ही कल्पना जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातला एक थांबा आपल्या रायगड जिल्ह्यातही आहे.

खैराटची हिरवी यंत्रं

१९७२ मध्ये अ‍ॅलन के या अमेरिकन संशोधकानं मुलांनी काखोटीला मारून न्यावा अशा संगणकाचं चित्र कागदावर मांडलं होतं. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. त्यातलं कासव पुढे प्रसिद्ध झालं. 'शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे' असा हुकूम दिला की कासव रेघ ओढत जातं. पेपर्ट यांचं म्हणणं सरळ होतं. संगणकानं मुलाला शिकवण्यापेक्षा मुलानं संगणकाला शिकवावं. दुसऱ्याला शिकवायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते आधी कळतं.

याच परंपरेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' हे त्या मोहिमेचं नाव. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसच्या परिषदेत दाखवलेल्या नमुन्याला वीज तयार करायला पिवळा हँडल होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले, पण कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रात तो हँडल नव्हता. शंभर डॉलरची किंमतही टिकली नाही. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं तेव्हा ती १८८ डॉलरच्या घरात गेली होती.

भारत सरकारनं या योजनेला २००६ मध्येच नकार दिला होता. तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी मध्य प्रदेश केडरचे अधिकारी आणि हिंदीतले कवी होते. त्यांचा मुद्दा असा की देशाला चकचकीत साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक जास्त तातडीनं हवे आहेत. तो मुद्दा आजही खोडून काढता येत नाही. तरी पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, रायगडच्या डोंगरातल्या खैराट या छोट्या गावात हे लॅपटॉप प्रयोग म्हणून पोचले. पहिली ते चौथीची छोटी शाळा, एक खोली, एक शिक्षक आणि विसेक मुलं. महाराष्ट्रात तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. अशा ठिकाणी हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकचं, कानांसारखे अँटेना उभे करणारं यंत्र प्रत्येक मुलाच्या हातात आलं.

ते यंत्र नीट बघण्यासारखं आहे. साडेसात इंचांचा पडदा भर उन्हात वाचता येई, कारण मागचा दिवा बंद केला तरी बाहेरच्या उजेडावर अक्षरं काळी-पांढरी दिसत. आत २५६ मेगाबाइट मेमरी आणि एक गिगाबाइट साठवण, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलच्याही तुलनेत चिमूटभर. पण त्याची घडण वेगळी होती. जवळजवळ ठेवलेली यंत्रं इंटरनेट नसतानाही आपापसांत जोडली जात, त्यामुळे दोघी मैत्रिणी एकाच चित्रावर काम करू शकत. उचलायच्या मुठीच्या पोकळीत जास्तीचे स्क्रू ठेवलेले होते, कारण मुलांनी यंत्र उघडावं आणि पडलेला स्क्रू हरवला तर दुसरा लावावा, ही अपेक्षा होती. कॅमेरा किंवा माइक चालू झाला की शेजारचा दिवा लागे. तो दिवा थेट तारेनं जोडलेला होता, म्हणून कुठल्याही प्रोग्रॅमला चोरून कॅमेरा चालवता येत नसे.

कीबोर्डवर एक वेगळं बटणही होतं. समोर चाललेला प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते दाखवणारं. खेळता खेळता मुलाला वाटलं की हा चेंडू असा का उसळतो, तर बटण दाबायचं आणि आतली ओळ वाचायची. ती बदलायची, बिघडवायची, पुन्हा जागेवर आणायची. शिकणं, खेळणं आणि सुरक्षितता हे तीन वेगळे विषय आहेत असं आपण धरून चालतो. त्या यंत्राच्या कर्त्यांनी तिघांना एकच उत्तर शोधलं होतं: यंत्र मुलाला उघडून बघता आलं पाहिजे.

पेरूत काय झालं, उरुग्वेत काय झालं

मोहीम सगळ्यात मोठी झाली ती पेरूत. तिथल्या सरकारनं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं ग्रामीण भागातल्या ३१९ शाळा तपासल्या. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. आकृत्यांची कोडी सोडवण्यासारख्या सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत मात्र थोडी सुधारणा होती. त्या शाळांपैकी बहुतेकांत इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांची तयारी तोकडी पडली होती.

उरुग्वेनंही तोच लॅपटॉप घेतला. २००७ मध्ये व्हिया कार्दाल या छोट्या गावापासून सुरुवात केली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात यंत्र दिलं. पण त्यांनी यंत्राबरोबर शाळांपर्यंत इंटरनेट नेलं, दुरुस्तीची व्यवस्था लावली, शिक्षकांचं प्रशिक्षण चालू ठेवलं. मूळ हिरवा लॅपटॉप इतिहासजमा झाला, तरी 'प्लान सेइबाल' ही त्यांची योजना चालू राहिली.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅबलेट आला. सरकारला तो साधारण सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. पहिला आकाश मंद होता आणि त्याचा पडदा बोट चांगलं दाबल्याशिवाय ऐकत नसे. पुढे आयआयटी मुंबईत दीपक फाटक यांच्या चमूनं त्यात लक्ष घातलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला आकाश-२ आला. तोही टिकला नाही, कारण तोवर बाजारात खासगी कंपन्यांचे स्वस्त टॅबलेट आणि मोबाइल यांचा पूर आला होता.

तिन्ही गोष्टींतून मला एकच बोध होतो. यंत्राची किंमत खाली आणणं हा सोपा भाग आहे. ते बिघडल्यावर कोण उघडणार आणि मूल अडल्यावर शेजारी कोण बसणार, याची तरतूद किमतीच्या चिठ्ठीवर छापलेली नसते.

आजचा बाजार

मध्य प्रदेश सरकार बारावीत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं. जुलै २०२५ मध्ये ९४ हजारांहून अधिक मुलांच्या खात्यात ही रक्कम जमा झाली. योजना चांगली आहे, पण लॅपटॉप हातात येतो तो अठराव्या वर्षी, आणि बक्षीस म्हणून. चौथीतल्या मुलीचा मार्ग घरच्यांनाच शोधावा लागतो.

नवीन घ्यायचा तर पंधरा-सतरा हजारांच्या पट्ट्यात काही लॅपटॉप मिळतात. २०२३ चा जिओबुक १६,४९९ रुपयांना आला होता, चार गिगाबाइट मेमरी आणि ६४ गिगाबाइट साठवण घेऊन. अशी यंत्रं हलकी असतात आणि त्यांची बॅटरी बराच वेळ चालते. पण त्यांची मेमरी आणि साठवण बहुधा मुख्य बोर्डालाच डकवलेली असते. दोन वर्षांनी कमी पडू लागली की वाढवायला वाव राहत नाही.

दुसरा मार्ग जुन्या लॅपटॉपचा. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती साधारणपणे थांबवली. विंडोज ११ ला ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर आणि सुरक्षेची खास सोय लागते. म्हणून हातपाय धड असलेले हजारो लॅपटॉप 'जुने' ठरले. कचेऱ्यांतून एकगठ्ठा निघालेली अशी यंत्रं पुसून-तपासून उज्जैनच्या फ्रीगंजातल्या दुकानांपर्यंत येतात. कचेरीसाठी बनवल्यामुळे त्यांची बिजागरी दणकट असते आणि तळाचं झाकण चार-सहा स्क्रू काढले की उघडतं.

मी साडेअकरा हजारांना एक घेतला. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, बच्चे के लिए तो ये बहुत है." घेताना पाहायच्या गोष्टी मोजक्या. पडदा अर्धवट उघडून सोडला तर जागच्या जागी राहतो का? प्रत्येक कळ उमटते का? चार्जर काढल्यावर निदान तासभर चालतो का? बॅटरी फुगून तळ उचलला गेलेला नाही ना? फुगलेली असेल तर यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. आणि साठवणीला फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. फिरत्या डिस्कमध्ये धातूची किंवा काचेची तबकडी गरगरते आणि एक सुई माहिती शोधत तिच्यावर पुढे-मागे धावते, ग्रामोफोनसारखी. एसएसडीमध्ये हलणारं काही नसतं, सगळं चिपमध्ये. जुना लॅपटॉप रखडतो तो बरेचदा या सुईच्या धावपळीमुळे. माझ्या यंत्रात फिरती डिस्क होती. आणखी दीड-दोन हजार घालून एसएसडी आणली, पण दुकानात बसवून घेतली नाही.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. चार्जर काढला, बॅटरी सोडवली आणि स्क्रूड्रायव्हर नातीच्या हातात दिला. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला होता ते कळावं म्हणून तिनं कागदावर लॅपटॉपचा तळ काढला आणि चिकटपट्टीनं स्क्रू त्या त्या जागी चिकटवले. झाकण निघालं तेव्हा आत धुळीची लोकर भरलेला पंखा दिसला. "म्हणून हा गरम होतो!" ती म्हणाली. आजीच्या मेकअपच्या ब्रशनं तिनं पंखा साफ केला, त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. एसएसडी खाचेत सरकली तेव्हा 'टक' असा आवाज आला. तिच्या मते लॅपटॉप त्या क्षणी तिचा झाला.

अंगणातला संगणक

त्या लॅपटॉपवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स घातलं. ते फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि त्याच्या आतल्या ओळी कुणालाही वाचता येतात. आपल्या सी-डॅकनं बनवलेलं 'बॉस' हेही लिनक्सचंच रूप. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक तर कित्येक वर्षं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तेव्हा 'लिनक्स अवघड असतं' ही भीती निदान शाळकरी मुलांना तरी नसावी.

पहिले दोन महिने इंटरनेट जोडलंच नाही. जीकॉम्प्रीमध्ये लहान मुलांसाठी शंभराहून अधिक खेळ-धडे आहेत. टक्स पेंटवर चित्रं काढता येतात. विकिपीडिया पूर्ण उतरवून ठेवायचं किविक्स नावाचं साधन आहे, त्यातून मराठी विकिपीडिया घरातच आला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरची मराठी गोष्टींची पुस्तकं उतरवली. बालभारतीची मराठीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, तीही ठेवली. नातीची शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. मराठी वाचायला मिळते ती घरातच. म्हणून हे कप्पे मला जास्त मोलाचे वाटतात.

सगळ्यात रमली ती कासवात. पेपर्ट यांचं ते कासव आज कितीतरी मुक्त प्रोग्रॅमांत जिवंत आहे. दिवाळीसाठी तिला रांगोळी काढायची होती. एक पाकळी काढ, ५० अंश वळ, हे आठ वेळा कर. रांगोळी एकावर एक चढली, शेवटची पाकळी पहिलीला ओलांडून गेली. अंश कमी केले, ४० केले, तर शेवटी फट उरली. वीस मिनिटं हे चाललं. मग ४५ लिहिलं आणि आठवी पाकळी पहिलीला अचूक भिडली. "आठ वेळा पंचेचाळीस म्हणजे किती?" मी विचारलं. तिनं गुणाकार केला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या ओळीत लिहिलं: सहा वेळा, ६० अंश. एका पूर्ण फेरीत ३६० अंश असतात हे तिला मी सांगितलं नाही. मोडलेल्या रांगोळीनं सांगितलं.

फुकट मोबाइल खेळ आणि हा खेळ यांत फरक इथे पडतो. तो खेळ कमाई करतो जाहिरातींतून आणि आतल्या खरेदीतून, म्हणून मूल जितका वेळ चिकटेल तितकं चांगलं, अशी त्याची बांधणी असते. कासवाला कुणी चिकटवून ठेवायचं नसतं. रांगोळी झाली की खेळ संपतो.

अंगण, गल्ली, बाजार

पण इंटरनेट कायम बंद ठेवता येत नाही, ठेवूही नये. आपण मुलांना बाहेर सोडायला कसं शिकवलं? आधी अंगण, मग गल्ली, मग हात धरून बाजार. लॅपटॉपलाही मी तोच क्रम लावला.

अंगण म्हणजे वर सांगितलेलं सगळं, इंटरनेटशिवायचं. गल्ली म्हणजे ठरावीक ओळखीच्या जागा, दिवाणखान्यात, पडदा सगळ्यांना दिसेल अशा बाजूला. इथे दोन तांत्रिक गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, नातीचं खातं वेगळं आणि साधं. नवीन प्रोग्रॅम घालायचा तर माझा पासवर्ड लागतो, त्यामुळे चुकून काही बसत नाही. दुसरी, डीएनएस.

डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. आपण संकेतस्थळाचं नाव लिहितो, पण यंत्राला लागतो आकडी पत्ता. प्रत्येक वेळी यंत्र ती वही विचारतं: हे नाव कुठे राहतं? ही वही बदलता येते. उदाहरणार्थ, क्लाउडफ्लेअर कंपनीनं एप्रिल २०२० मध्ये घरांसाठी १.१.१.३ या पत्त्यावर एक मोफत वही सुरू केली. अश्लील आणि घातक म्हणून नोंदलेल्या जागांचा पत्ता ती देतच नाही. घरच्या राउटरमध्ये हा आकडा एकदा घातला की घरातल्या सगळ्या यंत्रांना तो लागू होतो. ही चाळणी पक्की नाही. मोबाइल डेटावर गेलं की ती निरुपयोगी, आणि यूट्यूबसारख्या एकाच पत्त्यामागे चांगलं-वाईट दोन्ही असेल तर तिला निवड करता येत नाही. तरी चुकून पडणारं पाऊल ती अडवते.

बाजार म्हणजे उघडं इंटरनेट: शोध, व्हिडिओ, अनोळखी माणसं. तिथे अजून माझा हात धरूनच. कारण चाळणी पत्ता ओळखते, माणसाची नियत ओळखत नाही. ऑनलाइन खेळात 'मी पण चौथीत आहे' म्हणणारा चाळीस वर्षांचा असू शकतो, हे मुलाला माणसानंच सांगावं लागतं.

प्रथम संस्थेच्या 'असर २०२४' पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना मोबाइलबद्दल विचारलं होतं. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांत त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना ठाऊक होतं, आणि आपलं प्रोफाइल खासगी कसं करायचं हे सुमारे ५५ टक्क्यांना. म्हणजे यंत्र जवळजवळ प्रत्येक घरात पोचलं, त्याची कडी लावायला मात्र निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना येते.

कायदा हळूहळू मागून येतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि मुलांचा माग काढून त्यांच्यावर नेम धरलेल्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा, मूल संकटात असेल तर १०९८. हे दोन आकडे आम्ही लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेत.

पण घरातला सगळ्यात महत्त्वाचा नियम कागदावर नाही. काही विचित्र दिसलं, कुणी काही विचारलं, चुकून काही दाबलं गेलं, तर सांगायचं; सांगितल्याबद्दल लॅपटॉप काढून घेतला जाणार नाही. एकदा काढून घेतला की पुढच्या वेळी मूल गप्प बसतं, आणि नेमकं तेव्हाच ते एकटं पडतं. हिरव्या लॅपटॉपवरचा कॅमेऱ्याचा दिवा जे काम करत होता, ते घरात या शब्दानं होतं. आत काय चाललंय ते बाहेर दिसतं.

तक्त्यातला नोव्हेंबर

चौदा मिनिटं विसरलो नव्हतो. लिबरऑफिसच्या तक्त्यात तीन रकाने केले: तारीख, घड्याळातला फरक, २७ वजा जाता उरलेलं. तक्ता कसा करायचा हे ती आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी धड्यांतून शिकली. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, ऐकत ऐकत स्वतःच्या यंत्रावर करून बघायचा. महिन्यातून एकदा आम्ही वेधशाळेत जात राहिलो.

एप्रिलच्या मध्याला फरक बरोबर २७ आला, उरलेलं शून्य. तिला वाटलं, फेब्रुवारीत आपलंच वाचायला चुकलं. मे महिन्यात फरक २३ झाला, म्हणजे सूर्य आता चार मिनिटं पुढे. पावसाळ्यात ढगांनी दोन नोंदी खाल्ल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सावली घड्याळाच्या फक्त ११ मिनिटं मागे होती. उणे सोळा! घरी येऊन तिनं आलेख काढला, तर एका टेकडीऐवजी वरखाली जाणाऱ्या दोन लाटा दिसू लागल्या.

यामागे कारणं दोन आहेत. पृथ्वीची कक्षा लंबगोल, त्यामुळे जानेवारीत सूर्याजवळ असताना ती वेगानं धावते आणि जुलैत सावकाश. शिवाय तिचा आस कललेला, त्यामुळे सूर्याची आकाशातली वाट विषुववृत्ताला तिरकी छेदते. एका कारणाची लाट वर्षात एकदा वरखाली होते, दुसऱ्याची दोनदा, आणि सावलीवर त्यांची बेरीज पडते. वेधशाळेतल्या फलकावर महिनावार दुरुस्तीचे आकडे दिलेलेच असतात. तिनं तो फलक आत्ता कुठे वाचला, आणि स्वतःच्या तक्त्याशी ताडून पाहिला. एका ठिकाणी दोन मिनिटांची चूक निघाली. तिची होती.

तक्त्यातली दुसऱ्या फेब्रुवारीची ओळ अजून रिकामी आहे. तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये पुढच्या वर्षीच्या त्या रविवाराला गोल करून ठेवलाय. चौदा मिनिटं परत येतात का, ते बघायला जायचं आहे.